गव्हातल्या गोळ्या

माझ्या लेकाच्या, संजूच्या घरातली सगळ्यात उबदार जागा म्हणजे वरच्या मजल्यावरचं एक कपाट. आत तांब्याचा मोठा बंब, त्याला थंडी वाजू नये म्हणून गोधडीसारखं काहीतरी गुंडाळलेलं, आणि बंबाच्या वर लाकडी पट्ट्यांचे तीन कप्पे. इंग्लंडात त्याला एअरिंग कपबोर्ड म्हणतात. धुतलेले कपडे त्यात ठेवायचे, म्हणजे त्यांची उरलीसुरली ओल जाते. पाणी तापायला लागलं की आत आधी टकटक व्हायची, मग कोणी उसासा टाकावा तसा भुस्स आवाज, आणि दार उघडलं की तोंडावर जालन्याचा एप्रिल यायचा. हे कपाट माझ्या नातीच्या, सईच्या खोलीत होतं. सई तेव्हा अडीच वर्षांची. मिल्टन कीन्सच्या त्या घरात मी राहायला आलो आणि पहिल्याच महिन्यात ते कपाट ताब्यात घेतलं. त्याचीच ही हकिगत आहे. पोर बरी झाली हे आधीच सांगून टाकतो. आता ती माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, ब्रिस्टलला शिकते आणि फोनवर मला दटावते. वाचणाऱ्यानं उगाच जीव टांगणीला लावू नये. माझा लागला होता तेवढा पुरे.

लोक आपल्या वाढण्याचं लिहितात ते एकदाच. मी दोनदा वाढलो. एकदा जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, पोत्यांच्या थप्पीवर, आणि दुसऱ्यांदा साठी उलटल्यावर, लेकाच्या घरात. पहिल्या खेपेला शाळा चौथीपर्यंतच झाली, पण धान्य मला जितकं कळतं तितकं पुस्तकवाल्यांना कळत नाही, हे मी आजही सांगेन. पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा. आत ऊब लागली की समजायचं, कीड हलतेय. गव्हाचा दाणा दाताखाली फोडून तो किती पावसाळे काढील हे मी सांगायचो आणि अडत्ये माझ्या तोंडाकडं बघत बसायचे. पण माझी खरी किंमत होती ती गोळ्यांसाठी. सराफाकडून पारा आणायचा, चुलीतली राख वस्त्रगाळ करायची, आणि खलात दोन्ही घालून घोटत बसायचं. चांदीसारखे थेंब आधी पळतात, फुटतात, पुन्हा एक होतात. दोन-तीन दिवस घोटलं की एकही थेंब डोळ्याला दिसत नाही. याला आम्ही पारा मारणं म्हणायचो. मग त्यात थोडं एरंडेल घालून सुपारीएवढ्या गोळ्या वळायच्या, सावलीत वाळवायच्या आणि फडक्यात बांधून धान्याच्या डब्यात टाकायच्या. बाजारात पाऱ्याच्या वड्या मिळतात, त्यात निम्मा खडू. माझी गोळी टाकलेल्या गव्हात पोरकिडा कधी निघाला नाही. मोठ्या घरच्या बायका निरोप धाडायच्या, गोळ्या अण्णांच्याच हातच्या हव्यात म्हणून. एकदा मारला की त्या पाऱ्यात काही उरत नाही, अशी माझी पक्की समजूत होती. मला हे माझ्या वडिलांनी शिकवलं, त्यांना त्यांच्या वडिलांनी.

आमची ही वारली आणि संजूनं मला तिकडं नेलं, तेव्हा मी पन्नासएक गोळ्या बिस्किटाच्या डब्यात घालून बॅगेच्या तळाशी ठेवल्या. कोणाला विचारलं नाही. आपल्या विद्येबद्दल मी कधी कोणाला विचारत नसे. संजूची बायको मंजिरी, नागपूरची, कॉम्प्युटरवर काम करणारी, हुशार पोरगी. तिच्या स्वयंपाकघरात पिठाच्या तयार पिशव्या बघून माझं डोकं फिरलं. महिन्याभरात मी संजूला बर्मिंगहॅमच्या घाऊक दुकानात नेलं, अख्खा गहू आणि ज्वारी आणली, विजेची छोटी चक्की गॅरेजमध्ये बसवली. चक्की सुरू झाली की शेजारचा म्हातारा कुंपणावरून मान काढायचा. त्याला वाटायचं आम्ही मोटार दुरुस्त करतोय. मी मागच्या अंगणात सूप घेऊन गहू पाखडायचो आणि त्याच्या हिरवळीवर कोंडा उडाला की तो "मॉर्निंग" एवढंच म्हणायचा, जरा जोरात. मंजिरी हसायची. पण ज्वारीची गरम भाकरी, त्यावर शेंगदाण्याची चटणी आणि कच्चं तेल असं ताट समोर आलं की तीही एका भाकरीऐवजी दोन खायची. धान्याचे पत्र्याचे डबे मी वरच्या त्या उबदार कपाटात लावले, सगळ्यात खालच्या कप्प्यात, बंबाला टेकून. तिकडच्या गॅरेजमध्ये ओल असते, आणि ओल म्हणजे बुरशी. मंजिरीनं एकदा डब्यात हात घालून विचारलं होतं.

"अण्णा, ही पुरचुंडी कसली?"

"कीड लागू नये म्हणून."

"कडुनिंब का?"

"त्याच्या वरचं," मी म्हणालो, आणि तिनंही पुढं विचारलं नाही.

मंजिरी ऑफिसला जायला लागली आणि सईला सांभाळायचं काम माझ्याकडं आलं. मला त्याचा गर्व होता. मोंढ्यात असताना संजू कधी रांगायला लागला आणि कधी चालायला, मला ठाऊक नाही. सईचं मात्र मी सगळं केलं. तिला न्हाऊ घालायचो, टॉवेलात गुंडाळून खोलीत आणायचो आणि कपाट उघडून बनियन काढायचो. तिचे कपडे मी त्या कपाटातच ठेवत होतो, डब्यांच्या बरोब्बर वरच्या कप्प्यात, तिथं ऊब जास्त म्हणून. तापलेलं बनियन अंगात गेलं की ती खांदे वर करायची आणि "गलम गलम" म्हणत खोलीभर नाचायची. कधी त्या कपाटापुढच्या गालिच्यावर बसून डब्याच्या झाकणावर ढोलकी वाजवायची. एवढं सुख मला आयुष्यात कुठं मिळालं नव्हतं.

थंडी वाढली तसं घरातलं हीटिंग वाढलं, आणि सई बदलायला लागली. आधी जेवण सुटलं. वरणभातात तूप घाला, लिंबू पिळा, घास तोंडापाशी नेला की मान फिरवायची. मग घाम. बाहेर काचांवर बर्फ आणि ही पोर उशी भिजवतेय. हातापायाचे तळवे गुलाबी झाले, भाजल्यासारखे, आणि त्यांची साल निघायला लागली. ती सारखे हात चोळायची, उजेड आला की डोळे मिटून तोंड भिंतीकडं करायची. जी पोर दिवसभर घर डोक्यावर घ्यायची ती पायऱ्या चढेना. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिला कोणी उचललेलं चालेना. मी हात पुढं केला की किंचाळायची. आईनं जवळ घेतलं तरी अंग ताठ करायची. आमच्या जीपीनं, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरनं, आधी व्हायरल सांगितलं, नंतर एक्झिमा म्हणून मलम दिलं. मी सांगितलं, उष्णता झाली आहे, सब्जा द्या. कोणाचाच काही उपयोग झाला नाही.

शेवटी मंजिरीनं हट्ट धरला आणि तिला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या मुलांच्या डॉक्टरच्या दोन्ही पायांत दोन रंगांचे मोजे होते, मुलांनी हसावं म्हणून. सई हसली नाही. त्यानं तिच्या एवढ्याशा दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघितला, पुन्हा बघितला, आणि मग तोही हसायचा थांबला. रक्त घेतलं, लघवी घेतली, पोरीला ठेवून घेतलं. काही दिवसांनी आम्हा तिघांना एका छोट्या खोलीत बसवून त्यानं सांगितलं. संजू माझ्याकडं वळला.

"अण्णा, तिच्या अंगात पारा सापडलाय."

पारा हा शब्द कानावर पडला त्याच क्षणी माझ्या डोळ्यांपुढं डबे आले. हे मी लपवणार नाही, लपवायचं असतं तर हे प्रकरण लिहिलंच नसतं. डॉक्टर एक यादी वाचत होता आणि संजू मला मराठीत विचारत होता. घरात थर्मामीटर फुटला का? जुना रक्तदाबाचा पाऱ्याचा पट्टा आहे का? ते नवे वळणदार बल्ब, त्यातला एखादा तिच्या खोलीत फुटला का? मासे किती खाता, कुठले? गावाकडून आणलेली भस्मं, गुटी, काही चाटवता का? तोंडाला लावायची क्रीम? देवघरात पाऱ्याची मूर्ती? मी प्रत्येकाला नाही म्हणत गेलो, आणि प्रत्येक नाही खरं होतं. गव्हाचं यादीत नव्हतं. मी मनात म्हणत होतो, आपला पारा मारलेला आहे. आमच्या तीन पिढ्यांनी त्या धान्याच्या भाकरी खाल्ल्या. या मोजेवाल्याला काय कळतंय.

मग डॉक्टर म्हणाला, औषध सुरू करतो, पण पारा कुठून आला ते कळल्याशिवाय मुलीला त्या घरात पाठवणार नाही. कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचं, माणूस उद्या सकाळी घर बघायला येईल.

त्या दिवशी जवळच राहणारी संजूची मावसबहीण हॉस्पिटलात सईपाशी बसली आणि आम्ही तिघं घरी आलो. एकामागून एक राउंडअबाउट, ते तिकडचे गोल चौक, येत होते आणि दर वळणाला संजू स्टिअरिंग जरा जास्तच जोरात फिरवत होता. घरात पाय ठेवल्या ठेवल्या त्याचा भडका उडाला. मंजिरीच्या आईनं नागपूरहून गोरेपणाची एक क्रीम पाठवली होती, बिननावाच्या डबीतली.

"यादीत होती ना क्रीम? होती की नाही?"

"अरे मी माझ्या तोंडाला लावते, तिला कुठं लावते?"

"तू तिला कुशीत घेऊन झोपतेस! तिचं तोंड तुझ्या गालाला असतं!"

"मग काय मुद्दाम केलं मी? माझ्या आईनं मुद्दाम केलं?"

"तुझ्या आईला काही कळतं का, डबीवर साधं नाव नाही..."

मंजिरीनं तिथूनच नागपूरला फोन लावला. आईवर ओरडली, रडली, फोन ठेवला, पुन्हा रडली. मी टेबलाशी बसून सकाळची भाकरी चावत होतो. "भांडू नका," एवढं म्हणालो. बास, एवढंच. मंजिरीच्या डोक्यावर माझं पाप चढताना मी बघत होतो आणि तोंड उघडत नव्हतो. मोंढ्यात कोणापुढं माझी मान खाली गेली नव्हती, आणि आता सुनेपुढं घालायची?

जिना चढून मी सईच्या खोलीत गेलो. कपाट उघडलं. ऊब तोंडावर आली. गव्हाचा डबा पुढं ओढला, गहू टॉवेलावर ओतला आणि पुरचुंडी सोडली. माझ्या गोळ्या ठणठणीत दगडासारख्या राहतात. त्या भुगा झाल्या होत्या. बंबाच्या उबेनं एरंडेल सुकून गेलं असेल, काय असेल ते, पण राख वेगळी पडली होती आणि डब्याच्या तळाशी बारीक चकाकणारे मणी पळत होते. मी डबा कलता केला. ते एकमेकांत मिसळून एक मोठा मणी झाला आणि इकडून तिकडं धावला. मी मारलेला पारा माझ्या डोळ्यांदेखत जिवंत होता. गुडघे टेकून खाली बघितलं तर गहू काढताना सांडलेला तो कप्प्याच्या पट्ट्यांमधून गळून कपाटाच्या तळावर होता, आणि उंबऱ्याच्या पुढं, जिथं गालिचा सुरू होतो, तिथंही दोन ठिपके चमकले. तिथंच बसून ती ढोलकी वाजवायची.

तेव्हा माझ्या मनात काय आलं तेही लिहितो. सगळं गोळा करावं, पिशवीत बांधावं, बाहेरच्या कचऱ्याच्या काळ्या बिनमध्ये टाकावं, गालिच्यावर हूव्हर, ते कचरा ओढायचं यंत्र, फिरवावा. सकाळी कौन्सिलच्या माणसाला काही सापडलं नसतं. घरातून पारा गेला म्हणजे झालं, कोणाचा होता ते कशाला कळायला हवं? मी हूव्हर काढून प्लग लावलासुद्धा. खालून मंजिरी नाक ओढत फोनवर हॉस्पिटलाशी बोलत होती. "तिनं दूध घेतलं का? थोडंसं तरी?" तिनं तीनदा विचारलं. मी प्लग काढला. सईच्या खोलीतली लहान खुर्ची जिन्याच्या माथ्यावर आणली, दार घट्ट ओढून घेतलं आणि कोणाला आत जाऊ द्यायचं नाही म्हणून तिथं बसून राहिलो.

सकाळी संजू हॉस्पिटलात गेला आणि कौन्सिलची बाई आली. पिकलेले आखूड केस, पायात जाड बूट, हातात पेटी. ती पायपुसण्यावर बूट पुसतच होती आणि मंजिरी क्रीमची डबी प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्यापुढं धरत होती. मी जिन्यावरून हाक मारली.

"मंजिरी, बाईला सांग, आधी वर चला."

"अण्णा, थांबा ना जरा, त्यांना सुरुवातीपासून..."

"क्रीम नाही गं ती. मी आहे. धान्यातल्या त्या पुरचुंड्या पाऱ्याच्या आहेत. मी घरी केल्या, मी आणल्या, मी ठेवल्या. कालपासून मला माहीत आहे."

मंजिरीनं डबी खाली ठेवली. मग तिनं इंग्रजीत सांगितलं, जसंच्या तसं असावं, कारण बाईनं मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि "थँक यू" म्हणाली. मला वाटलं होतं ती पोलिसांना बोलावेल. तिनं आम्हाला जिन्यावरच थांबवलं, पेटीतून एक यंत्र काढलं, हवा ओढून वास घेणारं, त्याला पुढं नळी आणि वर आकडे. स्वयंपाकघरात आकडे गप्प होते. क्रीमच्या डबीपाशी गप्प. सईच्या खोलीचं दार उघडलं तसे ते चढायला लागले आणि कपाटापाशी इतके चढले की तिनं खिडकी उघडून आम्हाला खाली हाकललं. जाता जाता मंजिरीनं माझी बाही धरली.

"अण्णा, तिची बनियनं तुम्ही कुठं ठेवत होतात?"

"तिथंच. गरम राहावीत म्हणून."

ती पायरीवर मटकन बसली. तिच्या तोंडाकडं बघवेना. मी म्हणालो, "चुकलं माझं." साधे दोन शब्द, पण मी ते आईबापाला म्हटले नव्हते, बायकोलाही नाही, ती जाईपर्यंत. "आणि काल तुझ्या आईचं नाव निघालं तेव्हा मी गप्प बसलो, ते त्याहून चुकलं."

तिनं उठून फोन घेतला आणि नागपूरला लावला. "आई, क्रीम नव्हती," एवढंच म्हणाली आणि दोघी दोन टोकांना रडायला लागल्या. ते रडणं कालच्यासारखं नव्हतं.

नंतर त्या बाईनं मंजिरीकडून मला सगळं नीट समजावलं. आवाज चढवला नाही, म्हणून मी ऐकलं. पारा पोटात जातो त्यापेक्षा त्याची वाफ श्वासातून जाते ती वाईट, आणि ती दिसत नाही, तिला वास नसतो. राखेत घोटला म्हणून तो मरत नाही, फक्त बारीक होतो. उबेत त्याची वाफ वाढते. जड असल्यामुळं ती जमिनीलगत राहते आणि लहान मुलं जमिनीलगतच असतात. कपड्यांत ती मुरते. आणि हूव्हर फिरवला असता तर सगळ्या घरभर उडाली असती. बाईनं विचारलं की आधी मी तो उचलायचा प्रयत्न केला का. मी सांगितलं, प्लग लावला होता आणि काढला. ती म्हणाली, काढलात हे फार बरं केलंत, आणि मुलीला आम्ही उगाच महिनाभर बाहेर ठेवून क्रीम आणि बल्ब तपासत बसलो असतो ते वाचवलंत. तिनं मला शाबासकी दिली नाही, हिशेबानं जे खरं ते सांगितलं. पण माझ्या छातीवरचं पोतं तिथं उतरलं.

मग पांढरे पायघोळ झगे घातलेली माणसं आली, गालिचा कापून नेला, फळ्या काढल्या, डबे, बनियनं, गाद्या सगळं बंद पिंपांतून गेलं. शेजारचा म्हातारा कुंपणावरून बघत होता आणि "मॉर्निंग" सुद्धा म्हणाला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्यानं दारात केक आणून ठेवला. आम्ही तिघं संजूच्या मावसबहिणीकडं राहायला गेलो. आमचीही लघवी तपासली. सगळ्यांत पारा थोडा थोडा निघाला, माझ्यात जास्त. मोंढ्यात आमच्या वडिलांचे हात थरथरायचे, हिरड्यांतून रक्त यायचं, आणि आम्ही ते तंबाखूवर घालायचो. त्या दिवसापासून मी ते तंबाखूवर घालत नाही.

जालन्याला धाकट्या भावाला फोन केला. तो हसला.

"इंग्लंडला जाऊन साहेब झालास का? आपण काय मेलो का ते खाऊन?"

"वाद घालू नको. आधी पोरांना धान्याच्या खोलीतून बाहेर काढ, खिडक्या उघड, आणि झाडू मारू नको. मग ज्या घरांत माझ्या गोळ्या गेल्या त्यांची नावं सांगतो, लिहून घे."

नावं सांगायला तीन संध्याकाळी लागल्या. काहींनी ऐकलं, काहींनी मला वेड लागलं म्हटलं. जेवढ्यांनी ऐकलं तेवढी घरं सुटली.

हॉस्पिटलात सईला कॅप्सूल देत होते. ती उघडली की सडक्या अंड्याचा वास खोलीभर. मंजिरी ती पूड श्रीखंडात कालवायची आणि सई एक चमचा घेऊन असं तोंड करायची की नर्सपण हसायच्या. मोजेवाला डॉक्टर येऊन आकडा सांगायचा. पारा लघवीवाटे बाहेर पडायला लागला, रक्तदाब उतरायला लागला. एक दिवस मी दारातून आत आलो तर ती बसून टोस्टचा कोपरा कुरतडत होती. कोपराच, पण स्वतःच्या हातानं. मी कॉरिडॉरमध्ये जाऊन भिंतीला कपाळ टेकलं. एक सफाईवाला मामा, कुठला होता देव जाणे, माझ्या खांद्यावर हात ठेवून "ओके, पापा?" म्हणाला. "ओके," मी म्हणालो. इंग्रजीतला तेवढा शब्द मी कधी इतका खरा वापरला नव्हता.

घर पुन्हा तपासलं, आकडे गप्प राहिले आणि सई घरी आली. पण संजू माझ्याशी कामापुरतंच बोलत होता. मीही मनात सामान बांधून बसलो होतो. एकदा जेवताना तो ताटाकडं बघत म्हणाला, "अण्णा, थोडे दिवस जालन्याला जाऊन येता का? तिकीट काढतो."

"काढ," मी म्हणालो. ज्याच्या हातून पोर आजारी पडली त्यानं तिथं कोणत्या तोंडानं राहायचं?

मंजिरीनं वाढायचा डाव खाली ठेवला. "आणि सोमवारी मी ऑफिसला गेले की सईला कोण बघणार?"

"नर्सरी आहे ना."

"नर्सरीत बारा पोरांमागे दोन बायका. तिला अजून घासघास भरवावं लागतं."

"मंजू, इतकं होऊनसुद्धा तू..."

"इतकं होऊनसुद्धा काय? तू माझ्या आईला नको ते बोललास आणि अजून सॉरी म्हणाला नाहीस. अण्णा निदान सरळ तोंडावर बोलले. मला घरात बोलणारं माणूस हवंय." मग माझ्याकडं वळून, तोच आवाज ठेवून, "अण्णा, पण एक. या घरात यापुढं तुम्ही काहीही आणलंत, पानसुपारीसुद्धा, तरी आधी मला दाखवायचं."

"दाखवीन," मी म्हणालो. असं मला आजवर कोणी बोललं नव्हतं आणि बोललं असतं तर मी ताटावरून उठलो असतो. त्या दिवशी मी आणखी एक पोळी मागून घेतली. संजूनं त्याच जागी नागपूरला फोन लावला, तोंड पाडून का होईना, पण लावला.

सोमवारी मंजिरी गेली. दुपारी ऊन पडलं म्हणून मी सईला स्वेटर घातला आणि पुशचेअरमध्ये, त्या बाबागाडीत, बसवून रेडवे म्हणतात त्या लाल पायवाटेनं तळ्याकडं निघालो. पुलाखालून पलीकडं गेल्यावर तिला उतरायचं होतं. उतरवली. पाय अजून काटकुळे. दहाएक पावलं टाकली, थांबली, पुन्हा पाच टाकली. मी मागं उभा, श्वास धरून, हात पुढं करायचा धीर होत नव्हता, कारण इतक्या आठवड्यांत मी हात लावला की ती किंचाळायची. ती वळली. दोन्ही हात वर केले.

"आजोबा, अप."

मी ऐकून न ऐकल्यासारखा उभा राहिलो, घाबरून. तिनं पाय आपटला. "अप म्हनले ना!"

उचललं. तिनं अंग ताठ केलं नाही. मान माझ्या खांद्यावर टाकली आणि बदकांकडं बोट दाखवून हुकूम सोडायला लागली, इकडं चल, तिकडं चल, फास्ट. आम्ही तळ्याला एक फेरी मारली. "अगेन," ती म्हणाली. दुसरी मारली. माझे गुडघे ओरडत होते आणि एका हातानं मी रिकामी पुशचेअर ढकलत होतो. समोरून येणारी माणसं बघून हसत होती, हसू देत. घराच्या कोपऱ्यावर पोचलो तेव्हा मंजिरी ऑफिसातून येत होती. तिनं आम्हाला असं बघितलं आणि गाडी थांबवून काच खाली केली.

"अहो अण्णा, पुशचेअर आहे की हाताशी! बसवायचं ना तिला तीत."

"राहू दे," मी म्हणालो. "आज ती रिकामीच बरी दिसतेय."